तिथी बघून निघा: लहान मुलांना घेऊन मुंबई ते दिवेआगर, किनाऱ्याकिनाऱ्याने

पोरांना घेऊन कोकणात गाडीने जायचं ठरलं की घरोघरी आधी ठिकाणांची यादी होते. अलिबाग, काशीद, जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, आणि एवढं जातोच आहोत तर दापोलीही. मग ती यादी तीन दिवसांत कोंबली जाते आणि दुसऱ्या दुपारी मागच्या सीटवर उलटी, रडारड आणि मोठ्यांची भांडणं. यादी शेवटी करा. आधी दोन घड्याळं बघा. एक समुद्राचं, म्हणजे भरती-ओहोटीचं. दुसरं मुलाचं, म्हणजे भुकेचं आणि दुपारच्या झोपेचं. ही दोन जुळवून उरलेल्या वेळात जे बसेल तेवढंच बघायचं.

खालचा आराखडा एक ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे: चार दिवस, तीन मुक्काम, रायगडचा किनारा. त्याच्या पुढे जाऊ नका. चार दिवसांत रत्नागिरीपर्यंत मोठी माणसं जातील, तीन वर्षांचं पोर नाही.

तिथीवरून भरती कशी काढायची

किनाऱ्यावरची जुनी रीत आजही कामाची आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी साडेतीनच्या आसपास भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास. रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास.

हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. एखाद्या तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर आणखी चुकतो. त्यामुळे दिवस ठरवायला तिथी वापरा, पण निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यातून नेमकी वेळ लिहून घ्या. कागदावरच लिहा, किनाऱ्यावर ऐन वेळी नेटवर्क जातं.

चतुर्थीला निघून सप्तमीला परत येणं मुलांसाठी सगळ्यांत सोयीचं. चार दिवसांची ओहोटी अनुक्रमे सकाळी सव्वानऊ, दहा, पावणेअकरा आणि साडेअकरा अशी येते. म्हणजे सकाळी ऊन कोवळं असताना पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, रुंद, सपाट आणि ओली मिळते आणि खेळायला खडकांतली डबकी उघडी पडतात. पौर्णिमेला गेलात तर ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. सकाळी मुलं उठून किनाऱ्यावर पोचेपर्यंत पाणी चढायला लागलेलं असतं आणि त्या दिवसांत उधाणही असतं. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. लाटांना ते बरं, पण ओहोटी ऐन बाराच्या उन्हात.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये दुपारी पाय भाजतात. पावसाळ्यात मुलांना घेऊन या किनाऱ्याला जाऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरता येत नाही आणि फेरी हवामानावर अवलंबून राहते. नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्याही टाळा.

गाडीत काय, कुठे

मुलांची सीट ही चैन नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण दंड बाजूला ठेवा. मांडीवरचं मूल ताशी चाळीस किलोमीटरच्या धडकेतही आईच्या हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी.

दोन वर्षांपर्यंत सीट मागे तोंड करून, मागच्या बाकावर. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना अशी सीट कधीही लावू नका, एअरबॅग फुटली तर ती थेट सीटच्या पाठीवर आदळते. सीट बसवल्यावर पट्टा जातो त्या जागी धरून जोरात हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर पट्टा पुन्हा ओढा. आपला गुडघा सीटवर दाबून, वजन टाकून ओढला की तो बसतो. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. जाड स्वेटर घालून बांधू नका. आणि गाडी उन्हात उभी करताना बकलावर पंचा टाका, धातूचा तो तुकडा एवढा तापतो की मांडीला चटका बसतो.

आदल्या दिवशी, गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. स्टेपनीतलीही तपासा, तीच नेमकी विसरते. जॅक आणि पाना डिकीच्या तळाला असतात, सामान भरण्याआधी ते हाताशी येतील असं ठेवा. रेवदंड्याच्या पुढे रस्ता अरुंद आहे आणि खड्डा झाडाच्या सावलीत दिसत नाही. पेट्रोल अलिबागला पूर्ण भरा आणि पुढे टाकी अर्ध्यावर आली की पंप दिसेल तिथे भरून घ्या. रोख दोन-तीन हजार सुट्यांत ठेवा. जेट्टीवर, वाडीत, शहाळ्यावाल्याकडे ऑनलाइन पैसे जातीलच असं धरू नका.

डिकीत न टाकता सीटखाली ठेवायची एक पिशवी वेगळी करा. तिच्यात प्रत्येक मुलाचे दोन जोड कपडे, दोन पंचे (जाड टॉवेल वाळत नाही, वाळू धरून ठेवतो), जुनी वर्तमानपत्रं, दहा-बारा झिपच्या पिशव्या, ओले रुमाल, ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध मापाच्या झाकणासकट, थर्मामीटर, चिमटा आणि टॉर्च. लहानाची पॉटी असेल तर तीही, रस्त्यावरची स्वच्छतागृहं मुलांना बसवण्यासारखी क्वचितच असतात. डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, फक्त पाय धुवायला. आणि बेबी पावडरचा डबा: अंग कोरडं झालं की पावडर शिंपडून पंच्याने झटकायचं, चिकटलेली वाळू झरझर उतरते. ओल्या अंगावर घासलीत तर कातडी सोलवटते.

गाडी लागणे

या सहलीत सगळ्यांत जास्त बिघडवणारी गोष्ट हीच. कान सांगतो की आपण वळतोय, डोळे मोबाइलच्या स्थिर पडद्यावर, आणि मेंदूचा गोंधळ पोटात उतरतो. दोन वर्षांखालच्या मुलांना हे क्वचित होतं, दोन ते बारा हा त्याचा खरा काळ. घाट नसला तरी काशीद ते मुरूड, शेखाडीचा रस्ता आणि परतीचा म्हसळा-माणगाव हे तिन्ही पट्टे वळणांचे आहेत.

निघण्याआधी पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको. वळणांच्या तासभर आधी एक-दोन इडल्या, कोरडी पोळी किंवा खाकरा. दूध, वडापाव आणि बाटलीतला गोड रस नको. मूल मोठं असेल आणि सीट बसत असेल तर मागच्या बाकावर मधोमध बसवा, समोरची काच दिसते. मोबाइल आणि पुस्तक बंद. "लांबची बोट कोण आधी बघतं" असा खेळ लावा, कारण नजर क्षितिजावर राहिली की कान आणि डोळे एकच गोष्ट सांगतात. एसी आतल्या आत न फिरवता बाहेरची हवा घ्या. गाडीतला सुगंधी डबा काढून टाका, निम्म्या उलट्या त्या वासाने होतात असं म्हटलं तरी चालेल.

खूण ओळखायला शिका. बडबड करणारं मूल अचानक गप्प होतं, जांभया देतं, ओठ पांढरे पडतात, तोंडात पाणी येऊन सारखं गिळतं. इथे तुमच्याकडे दोन-तीन मिनिटं असतात. तेव्हाच गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, खाली उतरवा, पाच-दहा मिनिटं चालवा. उलटी झालीच तर लगेच पेलाभर पाणी देऊ नका, तेही बाहेर येतं. दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. औषध द्यायचं असेल तर वजनावरून मात्रा डॉक्टरांकडून आधी लिहून आणा. मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देणं धोक्याचं आहे. प्रोमेथाझिन हे गाडी लागण्यावरचं औषध दोन वर्षांखालच्या मुलाला देतच नाहीत.

चालवायचा नियम सरळ: सलग दीड तासाच्या वर नाही, दिवसाला तीन तासांच्या वर नाही (परतीचा दिवस तेवढा अपवाद), आणि अंधार पडल्यावर नाही.

पहिला दिवस: भाऊचा धक्का ते रेवदंडा

मांडव्याला जायला रस्ताही आहे, पण मुलं असतील तर रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, घ्या. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट तासाभरात मांडव्याला. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ असे शंभरएक किलोमीटर पडतात आणि वडखळ नाक्यावर किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही. पहाटेच निघणार असाल तर अटल सेतू आणि पुढे गोवा महामार्ग हा पर्याय चालतो. सकाळी सातनंतर नाही.

रो-रोचं तिकीट गाडीच्या नंबरसकट आधी काढा, पहिली किंवा दुसरी फेरी घ्या आणि किमान पाऊण तास आधी पोचा. रांगेत असतानाच मुलांना शू करवून घ्या. गाडी आत गेली की हँडब्रेक, गिअरमध्ये, इंजिन बंद. सगळ्यांनी उतरून वरच्या मजल्यावर जायचं असतं आणि वाटेत गाडीकडे परत येता येत नाही. म्हणून टोपी, पाणी, खाऊ आणि एक जोड कपडे हातात घेऊनच वर जा. गाड्यांच्या मजल्यावर मुलाचं मनगट धरा, बोट नाही. गाड्या एकमेकींना खेटून असतात आणि मागे घेणाऱ्या चालकाला तीन फुटांचं मूल दिसत नाही.

मांडवा ते अलिबाग वीसएक किलोमीटर. नाश्ता थोडक्यात आटपून ओहोटीच्या तासभर आधी कुलाबा किल्ल्यासमोर या. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत किंवा घोडागाडीने जाता येतं. लहान मुलांना घोडागाडीच बरी, खाली खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पायाला कापतात. इथला नियम काटेकोर आहे: तक्त्यात ओहोटीची जी वेळ असेल तिच्या तासभर आधी निघायचं आणि ती वेळ झाली की किल्ल्यातून परत फिरायचं. अजून पाणी लांब आहे असं वाटत राहतं, आणि पाणी समोरून न येता बाजूच्या सखल भागातून भरत मागून वाट अडवतं. भांगाच्या दिवसांत तर ओहोटीलाही वाट नीट उघडी पडत नाही, तेव्हा किल्ला किनाऱ्यावरूनच दाखवा.

साडेअकरापर्यंत मुक्कामाला. नागाव किंवा रेवदंडा, अलिबागपासून दहा ते सतरा किलोमीटर. दुपार झोपेची. संध्याकाळी किनारा, पण पाण्याबाहेर. चतुर्थीला साडेतीनला भरती झालेली असते आणि पाचला पाणी वेगाने उतरत असतं, ओढ तेव्हा जास्त.

पाणी

इथे थोडं थांबून वाचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती मुलं मोठी होती, कॉलेजातली. हा समुद्र वरून शांत दिसतो आणि आतून ओढतो.

ओढ ओळखता येते. किनाऱ्यावर उभं राहून पाच मिनिटं फक्त लाटा बघा. सगळीकडे फेस फुटतोय आणि मधे एका पट्ट्यात फेस नाही, पाणी गढूळ, गडद आणि सपाट दिसतंय. लोक नेमके तिथेच मुलांना घेऊन उतरतात, कारण तिथे लाट नाही. तोच पट्टा पाणी परत समुद्रात नेण्याची वाट असतो. त्याच्यापासून लांब, जिथे लाट बारीक-बारीक फुटत येते तिथे बसा. खाडीच्या मुखाजवळ तर कुठल्याच वेळी नको.

मुलांसाठी मर्यादा: पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत आणि तुम्ही मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला, हात पोचेल एवढ्या अंतरावर. किनाऱ्यावर बसून "लक्ष आहे" याला लक्ष म्हणत नाहीत. दोन मुलं असतील तर दोन मोठे, आणि कोण कोणाकडे बघतंय हे नाव घेऊन ठरवा. फोन त्या वेळी पिशवीत.

हवेची रिंग हे खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. रात्रभर आणि सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नऊ वाजता रिंगमध्ये बसवलेलं मूल हा वारा अलगद बाहेर नेतो, लाट नसल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. दुपारी खारा वारा उलटा वाहतो, पण तेव्हा ऊन असतं. रिंग वापरायचीच तर किनाऱ्यावरच्या डबक्यात.

काशीदची वाळू पांढरी आणि सुंदर आहे, पण तिथे पाणी पटकन खोल होतं. काशीदला वाळूत खेळा, शहाळं प्या, पाण्यात उतरू नका. पाण्यात खेळायला दिवेआगर बरं, तिथला किनारा सपाट आहे. बनाना राइड आणि वाळूवर चालणाऱ्या मोटारगाड्यांचं मुलं हट्ट करतील, तेव्हा नाही म्हणायचं आधीच घरून ठरवून या.

जेलीफिशने दंश केला तर चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं. गरम किती ते आधी आपल्या हातावर बघा, मुलाची कातडी लवकर भाजते. श्वास लागला, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर थेट दवाखाना.

दुसरा दिवस: कोर्लई, मुरूड, आगरदांडा, दिवेआगर

सकाळी सात ते साडेनऊ खेळ, मग नाश्ता आणि निघा. कुंडलिका नदीवरचा साळाव पूल ओलांडला की कोर्लईचा फाटा. गाडी थेट दीपगृहापर्यंत जाते, मात्र कोळीवाड्यातली वाट एका गाडीपुरती आहे. समोरून कुणी आलं तर मागे घ्यायची तयारी ठेवा. दुतर्फा मासळी वाळत असते, गाडी लागलेल्या मुलाला तो वास सोसत नाही, त्याला आधी नीट होऊ द्या. या गावात पोर्तुगीज वळणाची एक बोली अजून बोलली जाते, मोठ्या मुलांना आवर्जून सांगा. किल्ल्याच्या पायऱ्या पाच वर्षांवरच्यांसाठी.

मुरूडला जेवण. घरगुती खाणावळीत सकाळी फोन करून ताटं सांगावी लागतात. तेव्हाच मुलांचं वेगळं सांगा: बिनतिखटाचं वरण, मऊ भात, तूप, मेतकूट असेल तर. आयत्या वेळी "तिखट कमी करा" म्हणून उपयोग नसतो, वाटण आधीच पडलेलं असतं. मासे खाणाऱ्या मुलांना सुरमईचा मधला तुकडा द्या, मणका एकात एक निघून येतो. मांदेली आणि बोंबील मोठ्यांनी खावे.

जंजिऱ्यात सहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं आम्हाला वाटतं. राजपुरीहून होडीत बसणं, हलत्या होडीतून उतरणं, आत सावली नसलेले तट, आणि परतीच्या होडीची वाट. मुरूडहून राजपुरीकडे जाताना चढावरून सगळा किल्ला पाण्यात बसलेला दिसतो, तिथे गाडी नीट बाजूला लावून दहा मिनिटं दाखवा.

आगरदांडा ते दिघी ही फेरी छोटी, वीसएक मिनिटांची. गाडीचं आणि माणसांचं तिकीट वेगवेगळं निघतं. शेवटच्या फेरीवर अवलंबून राहू नका, दुपारी तीनपर्यंत जेट्टीवर असा. ओहोटीला उतार तिरका होतो आणि खाली बसणाऱ्या गाडीचा पुढचा बंपर रॅम्पला घासतो. अशा वेळी बाकी सगळ्यांना आधी उतरवून गाडी एकट्या चालकाने, खलाशी हाताने दाखवतो तशी, सावकाश चढवायची. शेवाळलेल्या धक्क्यावर मूल कडेवर.

दिघीहून दिवेआगर अर्ध्या-पाऊण तासावर. इथे दोन रात्री एकाच घरी. रोज सामान बांधायचं नाही, हाच मुलांसाठी मोठा आराम. खोली घेताना तीन गोष्टी विचारा: वीज गेली तर पंखा चालतो का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि वाडीतल्या विहिरीला कठडा किंवा जाळी आहे का. तिसरा प्रश्न विसरू नका.

आणखी एक. माडाखाली गाडी लावू नका आणि मुलांना झोपवू तर नकाच. नारळ वाऱ्याने पडतो आणि वाळलेली झावळी वारा नसतानाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या झोपवल्या. जुने माड आणि पोफळी गेल्या, आता दिसतात त्यांतली बरीच झाडं नव्याने लावलेली आहेत. इथली रोठा सुपारी घेतलीत तर ती वाडीवाल्याकडूनच घ्या.

रात्री बूट-चपला खोलीच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला. कोकणातला लाल विंचू लहान मुलाच्या हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिनचा उपचार रुजवल्यापासून विंचूदंशाने मरण फार कमी झालं, पण औषध वेळेत मिळालं तरच. दंश झाल्यावर मुलाला घाम सुटणं, हातपाय गार पडणं, उलटी होणं यांची वाट पाहू नका, लगेच श्रीवर्धनच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. पण गाडी दारात असेल आणि रस्ता माहीत असेल तर थांबू नका.

तिसरा दिवस: शेखाडीचा रस्ता

दिवेआगर, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन. वीस-बावीस किलोमीटर, डाव्या हाताला डोंगर आणि उजवीकडे खाली समुद्र. या सगळ्या प्रवासातला हा सगळ्यात देखणा तुकडा. त्याला पाऊण तास नाही, दीड तास द्या. वळणावर गाडी थांबवून फोटो काढू नका, पुढे रुंद जागा मिळते. उतरताना मुलांना डोंगराच्या बाजूने, म्हणजे डाव्या दाराने.

श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव, पण मुलांना त्याहून बंदरावरच्या होड्या आवडतील. तिथून हरिहरेश्वर आणखी वीसएक किलोमीटर. षष्ठीला ओहोटी पावणेअकराला, म्हणून दहाच्या सुमारास पोचा. देवळामागचा प्रदक्षिणा मार्ग खडकांवरून समुद्राला लागून जातो. तो ओहोटीलाच करतात आणि पाच वर्षांखालचं मूल असेल तर करूच नये. खडक शेवाळलेले आणि एखादी मोठी लाट न सांगता चढणारी. पायऱ्या उतरून खडकांत लाटांनी कोरलेली जाळी दाखवा आणि परत या. खडकाच्या खळग्यांत साचलेलं पाणी, त्यातले छोटे खेकडे आणि शंख यांत चार वर्षांचं मूल अर्धा तास सहज रमतं. तिथेच, पायऱ्यांच्या तळाशी. खेकडे बघायचे, पिशवीत भरायचे नाहीत.

बारापर्यंत परत फिरा. येताना मुलं झोपतील, तेव्हा शेखाडीच्या वळणांवर हळू.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल आणि एक दिवस जास्त असेल तर बागमांडला-वेश्वी फेरीने सावित्री नदी ओलांडून वेळासला एक मुक्काम करा. २००२ पासून तिथे सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आहेत. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. पिल्लं रोज निघतील असं नसतं, आधी फोन करून विचारा. मुलांना हेही आधीच सांगा की हात लावायचा नाही आणि दोरीच्या आत जायचं नाही.

परतीचा रस्ता

दिवेआगर, बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव असे पन्नासएक किलोमीटर वळणांचे आहेत, दीड तास धरा. माणगावला गोवा महामार्ग लागतो. चौथा दिवस रविवार असेल तर सकाळी आठला निघा किंवा सरळ सोमवारी पहाटे निघा. रविवारी दुपारनंतर माणगाव आणि इंदापूर दोन्ही बाजारपेठांत गाड्या मुंगीच्या गतीने सरकतात आणि थकलेल्या मुलांना घेऊन त्या रांगेत बसणं ही शिक्षा आहे. कोलाडनंतर वडखळकडे गर्दी असल्याचं कळलं तर वाकण फाट्याला उजवीकडे वळा. पाली, खोपोली आणि पुढे द्रुतगती मार्ग. थोडं लांब पडतं, पण गाडी चालती राहते आणि पालीला बल्लाळेश्वराच्या देवळापाशी पाय मोकळे करायला जागा मिळते.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या. फेरीवरचे तुषार आणि किनाऱ्याची ओली वाळू चाकांच्या कमानींत, सायलेन्सरच्या सांध्यांवर बसते आणि महिन्याभरात तांबेरा धरते. मुलाची सीट काढून तिचं कापड धुवा. सीटच्या बकलाच्या फटीत वाळूचे कण हमखास अडकतात. व्हॅक्यूमने ओढून काढा, तेल घालू नका. मग पट्टा पाच-सहा वेळा लावून, सोडून बघा. प्रत्येक वेळी टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे आणि ओढल्यावर पट्टा सुटता कामा नये.